टोपी टाकून धरलेली जागा

देवळालीच्या बाजूला सरावाच्या तोफा वाजू लागल्या की आमच्या नाशिकरोडच्या घरात फळीवरची पितळी भांडी आधी दचकायची आणि मग मी. बाकी कुणी दचकायचं नाही. आई पोळ्या लाटत राहायची, पप्पा दाढी करत राहायचे, आणि मोठी आई चुलीपुढून न उठता, हातातल्या उलथन्यानं कपाळाला हलकंच शिवून म्हणायची, "सलाम, हवालदार." मोठी आई म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाची बायको. आम्हा ख्रिस्ती माणसांत येणाऱ्याला, जाणाऱ्याला, रस्त्यात भेटलेल्याला सलामच म्हणतात, त्यामुळे मला बरीच वर्षं वाटत होतं की तोफा हे आमचे कुणी लांबचे नातेवाईक असावेत. माझ्या बुद्धीबद्दल घरात फारशा अपेक्षा नव्हत्या, आणि ते एका अर्थी बरंच झालं.

ते हवालदार म्हणजे मोठे बाबा. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, आणि आले की आमचं दोन खोल्यांचं घर एकदम लहान वाटायला लागायचं. त्यांची लोखंडी ट्रंक दारातून आत येईपर्यंत गल्लीतली निम्मी पोरं आमच्या ओट्यावर. त्या संध्याकाळी काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची भाकरी आणि बरोबर कच्चा कांदा, तोही बुक्की मारून फोडलेला. सुरीनं कापलेला कांदा मोठ्या बाबांना चालायचा नाही, "त्याला चव राहत नाही" म्हणायचे. जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना व्हायची. पप्पा हार्मोनियमवर बसायचे, आई गायची, आणि मोठे बाबा आपल्या सुरात, म्हणजे कुठल्याच सुरात नाही, पण ताल मात्र परेडचा, गाणं पुढे रेटत न्यायचे. शेवटचं 'आमेन' ते असं म्हणायचे की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायचा. मोठी आई डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायची, "देव बहिरा नाही हो." आणि ते म्हणायचे, "नसेल. पण लांब तर आहे."

सुट्टीतला एक दिवस येवल्याला जायचा. तिथं मोठ्या आईचं माहेर. एसटी स्टँडवर गाडी लागली की जी झुंबड उडायची ती आज सांगितली तर माझ्या मुलीला खोटी वाटते. लोक खिडकीतून रुमाल टाकायचे, पिशव्या टाकायचे, एकानं तर माझ्यादेखत धाकटा मुलगा टाकला. मोठे बाबा शांतपणे आपली फौजी टोपी काढायचे, पितळी बिल्ला पुढे येईल अशी नीट धरायचे आणि खिडकीतून आत सोडायचे. त्या टोपीला हात लावायची कुणाची हिंमत व्हायची नाही. मागून आम्ही सावकाश चढायचो, पाव्हणे असल्यासारखे. मोठे बाबा टोपी उचलून सीट झटकायचे आणि मोठ्या आईला म्हणायचे, "बसा मॅडम. सरकारनं राखून ठेवलीय." ती लाजायची आणि रागवायची, दोन्ही एकदम. ते स्वतः येवल्यापर्यंत दांडी धरून उभे. मी मांडीवर, नंतर नंतर मांडीवर मावत नसे म्हणून पायाशी, आणि हे सांगायला नको, पण आता तर दोन सीट लागतात.

मग एका थंडीत दोन फौजी माणसं दारात उभी राहिली. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांच्या घरी अशी माणसं येऊन गेलीत त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घरी आली नाहीत त्यांच्याकडे कधी न येवोत. बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर तोफगोळे पडले, मग वरून कडाच सुटून आला, आणि मोठे बाबा त्याखाली राहिले. सापडले नाहीत. घरी आली ती ट्रंक. कपडे, दाढीचं सामान, आमचा नाताळातला फोटो, आणि ती टोपी.

नेमकं काय झालं ते आम्हाला चांदवडच्या नानांनी सांगितलं. नाना त्यांच्याच तुकडीतले, पायाची बोटं बर्फानं गेली म्हणून नोकरी सोडून घरी कांदा लावायला लागलेले. पहिल्यांदा आले ते खांद्यावर उन्हाळी कांद्याची गोणी घेऊन, लंगडत. दारातच म्हणाले, "वहिनी, मी पाठीवरून आलेला माणूस हाय." आम्हाला काही कळेना. मग मोठ्या आईनं त्यांना पाटावर बसवलं, पुढ्यात भाकरी ठेवली, आणि भाकरी तशीच राहिली. "सायबांनी मला पाठीवर टाकून खाली आणलं. मला ठिवलं आन् परत वर गेले. दुसऱ्याला आणलं. मी म्हणलं, सायेब, आता बसा, लय झालं. तर म्हणले, नाना, वर पोरं ऱ्हायलीत. आन् गेले." नानांनी हातानं छताकडे दाखवलं, जणू चौकी आमच्या पत्र्यावरच होती. मोठ्या आईनं भाकरी त्यांच्याकडे जरा सरकवली. मग म्हणाली, "जाताना चालत गेले की पळत?" नाना म्हणाले, "चालत, वहिनी. परेडला जात्यात तसे." तेव्हा तिनं मान हलवली आणि भाकरीवर तुपाची धार सोडली. "जेवा आता. गार झाली."

तेव्हापासून मोठ्या आईला कुणी 'बिचारी' म्हटलेलं खपत नसे. महिला मंडळात एकदा एक बाई तिचा हात धरून हळहळू लागल्या तर ही म्हणाली, "बिचारी कशाला? त्यांना कुणी ढकललं नाही. आपल्या पायांनी परत वर गेले. आपल्या प्रभूचा जीव तरी कुणी हिसकावून घेतला का? त्यानं दिला. उपदेशातलं बाकी मला फार समजत नाही, एवढं समजतं." त्या बाई पुढच्या मीटिंगला जरा लांब बसल्या.

पण एक गोष्ट तिला टोचत होती, आणि ती वर्षातून एकदाच दिसायची. आमच्या मंडळीत पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, पहाटेची उपासना दफनभूमीत होते. आदल्या दिवशी घरोघरची माणसं जाऊन आपापल्या कबरींवरचं गवत काढतात, चुना लावतात. शनिवारी संध्याकाळी सगळ्या वस्तीला ओल्या चुन्याचा वास येतो. मला तर वर्षानुवर्षं ईस्टरचा वास म्हणजे चुना, आणि ईस्टरचा फ्रॉक म्हणजे मागच्या बाजूला चुना. रविवारी अंधारातच लोक मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन जातात, आपापल्या माणसांपाशी उभे राहतात, आणि उजाडता उजाडता चर्चचे पाळकसाहेब मोठ्यांदा सांगतात की प्रभू कबरीतून उठला आहे. मग सगळीकडून उत्तर येतं, आपापल्या कबरीपासून. मला ते फार आवडायचं. असं वाटायचं की मेलेली माणसंही त्या आवाजात थोडीफार सामील आहेत.

मोठ्या आईला उभं राहायला जागा नव्हती. पप्पा म्हणायचे, "वहिनी, आमच्या बाबांपाशी या ना." ती म्हणायची, "ते माझे सासरे. त्यांच्यापाशी तुम्ही आहात." आणि फाटकाजवळच्या पाण्याच्या नळापाशी जाऊन उभी राहायची. हातात मेणबत्ती. सगळे मेणबत्त्या मातीत रोवायचे, तिची हातातच जळायची. मेण बोटांवर ओघळायचं, आणि ती हलायची नाही.

एका वर्षी नाना ईस्टरलाच आले. आदल्या दिवशी कांद्याची गोणी टाकली, मुक्काम केला, आणि पहाटे आमच्याबरोबर निघाले. इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकं, हातात झेंडूचा हा एवढा हार. दफनभूमीत शिरल्यावर त्यांनी सगळीकडे पाहिलं. मेणबत्त्याच मेणबत्त्या. मग मोठ्या आईजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, सायबांना कुठं ठिवलंय?"

मोठी आई म्हणाली, "कुठंच नाही, नाना."

नानांना ते पटेना. त्यांनी पुन्हा सगळीकडे पाहिलं, हार या हातातून त्या हातात घेतला. "मंग मी सलाम कुठं ठोकू?"

उपासना संपली, लोक गळाभेटी घेऊ लागले, आणि नानांनी शेवटी तो हार नळाच्या तोटीला घातला. दुसरं करणार काय? त्या दिवशी ईस्टरचं मटण खारट झालं, आणि तिच्या हातचं मटण खारट झालं तर घरात काहीतरी होणार हे आम्हाला कळायला हवं होतं. जेवून उठल्यावर तिनं पदर खोचला आणि जाहीर केलं, "मला त्यांची कबर पाहिजे."

पप्पांनी समजावलं, आईनं समजावलं. कमिटी मानणार नाही, सेक्रेटरी भालेराव सर आहेत, त्यांच्यापुढे कुणाचं चालतं? भालेराव सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे आणि चर्चच्या कमिटीतही गणितच शिकवायचे. मोठी आई म्हणाली, "मी बोलते." सोबतीला पप्पा नको, कारण पप्पा सरांपुढे अजूनही विद्यार्थ्यासारखे उभे राहायचे. सोबत म्हणून मला नेलं. मी तेव्हा दहावीला होते, गणितात सरांनी मला पुरतं ओळखलं होतं, आणि घाबरले की मला उचक्या लागायच्या. ही तिची फौज.

चर्चच्या मागच्या खोलीत कमिटी बसली होती. सर, पाळकसाहेब, आणखी तीन-चार जण, मधे बिस्किटांची बशी. मोठ्या आईनं सगळ्यांना सलाम केला आणि उभ्या उभ्याच मागणं सांगितलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "रूथबाई, हवालदारांचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण नियम साधा आहे. देह असेल तर जागा. देहाशिवाय कशी देणार?"

"का नाही?"

"का नाही म्हणजे? आत कुणी नसेल तर ती रिकामी कबर होईल."

मला उचकी लागली. मोठी आई एक पाऊल पुढे झाली. "सर, दरवर्षी ईस्टरला पहाटे अंधारात तुम्ही आम्हा सगळ्यांना उठवता, ते कशासाठी? रिकामी कबर बघायलाच ना? आपली अख्खी मंडळी एका रिकाम्या कबरीवर उभी आहे, आणि तुम्ही मला सांगता की रिकामी कबर नियमात बसत नाही?"

पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. खोकत होते की हसत होते ते कळेना. सरांनी चष्मा घातला, काढला, परत घातला. वर्गात उत्तर चुकलं तर ते आमचं चुकायचं. इथं पंचाईत झाली होती.

"हा भावनेचा प्रश्न नाही, बाई," सर जरा मऊ आवाजात म्हणाले. "जागेचा आहे. भिंतीपर्यंत आलोय आपण. आज तुम्हाला दिली तर उद्या प्रत्येक जण मागेल. मग खरोखरचं कुणी गेलं तर ठेवायचं कुठं?"

"बरं. मी गेल्यावर मला जागा द्याल ना?"

"अहो, म्हणजे काय? देणारच."

"मग माझी मला आत्ता द्या."

"पण बाई, तुम्ही जिवंत आहात."

"आहे खरी. त्याला माझा इलाज नाही," मोठी आई म्हणाली. "मी दुसरी जागा मागणार नाही. एकीतच दोघं. मी येईपर्यंत ते धरून बसतील. एसटीत इतकी वर्षं धरली, इथंही धरतील."

पाळकसाहेबांचा खोकला आता लपेना. सरांनी बशीतलं एक बिस्किट उचललं, त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. "हिची उचकी थांबवा आधी." मग म्हणाले, "भिंतीजवळची, नळासमोरची जागा चालेल का?" सरांच्या वर्गात माझी कधी बेरीज बरोबर आली नाही, पण त्या दिवशी त्यांची स्वतःची बरोबर आली, हे मी आजही मान्य करते.

पुढच्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपवासकाळात ती कबर झाली. खोल खणली नाही, हातभर. वर साधा दगड, क्रूस, आणि नाव: हवालदार याकोब साळवे. टोपी आत ठेवायची हे मोठ्या आईनं ठरवलं तेव्हा पप्पांचा धीर सुटला. "वहिनी, एवढीच तर खूण आहे त्यांची. घरात राहू दे." ती म्हणाली, "भावजी, घरात ट्रंक आहे, फोटो आहे. जागा धरायला टोपीच लागते." तिनं टोपी झटकली, पितळी बिल्ला चिंचेनं घासून लख्ख केला होता, आणि तो पुढे येईल अशी नीट धरून खड्ड्यात ठेवली. सोडली नाही, ठेवली. माती ढकलल्यावर पाळकसाहेब प्रार्थना सुरू करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "साहेब, तिकडच्याही घ्या."

"तिकडच्या?"

"ज्यांनी गोळे टाकले त्यांच्यातलेही काही त्या दिवशी गेले असतील. त्यांच्याही घरी कुणी असेल उलथनं घेऊन उभी. त्यांनाही आठवा."

नाना माझ्या शेजारी होते. त्यांचा जबडा ताठ झालेला मला दिसला. पाळकसाहेबांनी ती प्रार्थना म्हटली तेव्हा सगळ्यांची डोकी खाली गेली, नानांचं गेलं नाही. अगदी शेवटी, आमेनच्या जरासं आधी, गेलं. घरी परतताना मोठ्या आईला म्हणाले, "वहिनी, तुमचं काळीज लय मोठं हाय. माझं नाय तेवढं." ती म्हणाली, "माझंही नाही, नाना. म्हणून तर पाळकसाहेबांना सांगितलं, ती प्रार्थना मी स्वतः नाही म्हटली." मला हे वाक्य तेव्हा कळलं नाही. आता पन्नाशी उलटल्यावर कळतं, आणि रोज जमत नाही.

त्या ईस्टरला पहाटे मोठी आई पहिल्यांदा नळापाशी उभी राहिली नाही. नळासमोर राहिली, म्हणजे अंतर पाहिलं तर चार पावलांचं, पण ती कुठून कुठं गेली होती ते आम्हाला दिसत होतं. मेणबत्ती मातीत रोवली. हात मोकळे झाल्यावर त्यांचं काय करावं हे तिला कळेना, मग तिनं ते पदरात गुंडाळले. नानांनी हार दगडावर घातला, दोन पावलं मागं सरले, आणि दफनभूमीत आजवर कुणी ठोकला नसेल असा खणखणीत सलाम ठोकला. लंगड्या पायाची टाच आपटली, त्यांना कळ आली असणार, पण चेहरा हलला नाही. पलीकडे आपल्या आईच्या कबरीपाशी भालेराव सर उभे होते. त्यांनीही हातातली मेणबत्ती डाव्या हातात घेतली आणि उजवा हात कपाळाला नेला. गणिताच्या मास्तरांचा सलाम, जरा वाकडाच होता. पाळकसाहेबांनी तो उठला आहे असं सांगितलं तेव्हा आमच्या भिंतीकडून असं मोठं उत्तर गेलं की फाटकाबाहेरचं एक कुत्रं भुंकलं. मोठी आई माझ्याकडे बघून हसली. कुणाची आठवण झाली ते सांगायला नको.

त्यानंतर मोठी आई खूप वर्षं जगली. इतकी, की भालेराव सर चेष्टेनं विचारायचे, "काय रूथबाई, जागा वापरायची आहे की नाही?" आणि ती म्हणायची, "घाई काय? धरलेली आहे." सर तिच्याआधी गेले. पाळकसाहेब बदलून गेले, दुसरे आले, तिसरे आले. नव्या कमिटीतल्या कुणीतरी एकदा विचारलं की ही अर्धवट कबर कुणाची, तर त्यांना माझ्याकडे पाठवलं, आणि मी सांगायला बसले ते त्यांचा चहा दोनदा गार होईपर्यंत. घरच्यांना माझी ही सवय ठाऊक आहे. त्यांनी ती आता पावसासारखी स्वीकारली आहे, छत्री उघडतात आणि वाट बघतात.

ती गेली तो मार्च महिना होता. सकाळी तोफांचा सराव चालू होता, आणि तिनं पडल्या पडल्या दोन बोटं कपाळाला नेली, ती तिथंच राहिली. दफनाला चांदवडहून नाना आले. आता पुरते म्हातारे, एका बाजूला नातू, दुसऱ्या बाजूला काठी, आणि नातवाच्या खांद्यावर उन्हाळी कांद्याची गोणी, कारण ते रिकाम्या हातानं आमच्या घरी कधी आलेच नाहीत. दगड बाजूला करून खणायला सुरुवात झाली. हातभर खाली गेल्यावर फावडं कशावर तरी वाजलं. खणणारा थांबला, वाकला आणि मातीनं माखलेलं काहीतरी उचललं. टोपीचं कापड केव्हाच माती झालं होतं. पितळी बिल्ला तेवढा राहिला होता.

पप्पांनी तो घेतला आणि अंगठ्यानं पुसला. पिवळा रंग दिसू लागला तसे ते आणखी जोरात पुसू लागले. मी त्यांचा दंड धरला, आणि माझं रडू पाहून त्यांना वाटलं मलाच आधार हवाय, म्हणून त्यांनी माझा धरला. असे आम्ही दोघं एकमेकांना सावरत उभे. बिल्ल्याचं काय करायचं हे कुणालाच सुचेना. घरी न्यायचा? परत ठेवायचा? नवे पाळकसाहेब तरुण होते, त्यांनाही सुचेना.

नानांनी नातवाचा हात सोडला, काठी त्याच्याकडे दिली आणि पुढे झाले. पप्पांच्या हातातून बिल्ला घेतला, शर्टाच्या बाहीला घासला, आणि पेटीवर, मोठ्या आईच्या हातांच्या जागी, ठेवला. मग दोन पावलं मागं सरून ताठ झाले. टाच आता आपटवत नव्हती. सलाम तोच होता.

"हवालदारसायेब," नाना खड्ड्याकडे बघत खणखणीत म्हणाले, "उठा आता. वहिनी आल्या. जागा द्या."